वाईट वाटणे आणि बाजू घेणे

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील श्रीकला भरत आणि किशोर कुमार यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. संस्थेने माध्यमिक शाळांसाठी जीवनकौशल्यांचा एक कार्यक्रम तयार केला होता. तो शाळेतल्याच शिक्षकांनी वर्गात राबवायचा आणि मुलांमध्ये काही फरक पडतो का ते पाहायचे, असा बेत होता. दोन शाळांतील ६०५ मुलामुलींची तुलना जवळपासच्या, हा कार्यक्रम न झालेल्या शाळांतील ४२३ जणांशी केली गेली. निकाल हुरूप वाढवणारे निघाले. कार्यक्रम झालेल्या मुलांचा आत्मसन्मान वाढलेला दिसला, अडचणीला तोंड देण्याची उमेद वाढली, शिक्षकांशी आणि शाळेशी त्यांचे अधिक जुळले, इतरांना मदत करण्याची वृत्तीही सरस ठरली. काही ठिकाणी मात्र गाडी अडली. घरी जुळवून घेण्यात फरक नव्हता आणि बरोबरीच्या मुलांशी जुळवून घेण्यातही नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांत समानुभूतीची, म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याला काय वाटते ते जाणण्याची, गणना होते. म्हणजे दुसऱ्याचे मन ओळखायला शिकवणारा कार्यक्रम झाला, मुले गुरुजनांशी चांगली वागू लागली, पण शेजारच्या बाकावरच्या मुलाशी असलेले नाते होते तिथेच राहिले. हा अभ्यास दादागिरी मोजण्यासाठी केलेला नव्हता आणि एका अभ्यासावर फार मोठी इमारत उभी करू नये, हे मान्य. तरीही त्याने जी फट दाखवली ती खरी आहे. किशोरवयीन मुलाला दुसऱ्याचे दुःख कळणे आणि त्याने त्या दुसऱ्याची बाजू घेणे यांत किती अंतर असते, आणि ते अंतर कशाने कमी होते, यावर गेल्या तीसेक वर्षांत बरेच काम झाले आहे. ते काम एकत्र ठेवून पाहिले तर आपल्या शाळांतील मूल्यशिक्षणाचा रोख थोडा चुकतो आहे, असे माझे मत झाले आहे.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. शाळेतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो स्कँडिनेव्हियात, डॅन ओल्वेउस यांच्यापासून. १९८२च्या अखेरीस नॉर्वेत काही मुलांनी आत्महत्या केल्या, देश हादरला आणि १९८३ साली शाळांमधून राष्ट्रीय मोहीम निघाली. ओल्वेउस यांनी घालून दिलेल्या तीन खुणा आजही वापरल्या जातात: त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि देणारा घेणाऱ्यापेक्षा कोणत्या ना कोणत्या अर्थाने वरचढ असतो. दोन तुल्यबळ पोरांची मारामारी यात बसत नाही. आपल्याकडचे आकडे थोडे आहेत. महाराष्ट्रातील बालरोगतज्ज्ञांनी २००७ साली ‘इंडियन पीडिएट्रिक्स’मध्ये मांडलेल्या पाहणीत आठ ते बारा वयोगटातील ५०० मुलांपैकी १५७ जणांनी, म्हणजे ३१.४ टक्क्यांनी, छळ होत असल्याचे सांगितले. चिडवणे आणि नावे ठेवणे हे त्यातले सर्वात जास्त आढळणारे प्रकार होते, आणि आपल्या मुलाला असा त्रास होतो याची खबर फार थोड्या आईवडिलांना होती. युनेस्कोने २०१९ साली जगभरची आकडेवारी एकत्र केली तेव्हाही साधारण हेच प्रमाण निघाले, दर तीन मुलांमागे एक. पण या सर्व आकड्यांपेक्षा मला टोरांटोतली एक पाहणी अधिक बोलकी वाटते. शाळेच्या मैदानावर मुलांचे चित्रीकरण करून हॉकिन्स, पेप्लर आणि क्रेग यांनी २००१ साली दाखवून दिले की छळाच्या १०० प्रसंगांपैकी ८८ प्रसंगांत आजूबाजूला इतर मुले हजर होती. त्यांपैकी कोणी मध्ये पडल्याचे प्रसंग १९. आणि जेव्हा कोणी मध्ये पडले तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, नेमके सांगायचे तर ५७ टक्के वेळा, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद म्हणजे एक वाक्य बोलायला लागणारा वेळ. उपाय इतका स्वस्त असताना तो इतका दुर्मीळ का, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

बेंगळुरूच्या संदर्भात असा एखादा प्रसंग डोळ्यांसमोर आणून पाहावा. सर्जापूर रस्त्यावरच्या एखाद्या शाळेची बस दुपारी निघाली आहे. वडिलांची बदली झाल्यामुळे नाशिकहून सातवीत आलेला एक मुलगा तिसऱ्या रांगेत बसला आहे. कर्नाटकाच्या २०१५च्या कायद्याने शाळेत कन्नड शिकणे बंधनकारक असल्यामुळे तो इतरांच्या सहा-सात वर्षे मागून मुळाक्षरे गिरवतो आहे, आणि आज तासाला त्याने धडा अडखळत वाचला. मागच्या बाकावरून एक जण त्याच्या वाचण्याची नक्कल सुरू करतो. दोघे त्याच चालीत सामील होतात. चार-पाच जण हसतात. एक मुलगी कानात इअरफोन घालून खिडकीबाहेर बघते. त्याच सोसायटीत राहणारा, रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर खेळणारा मुलगा मान खाली घालून दप्तराची चेन उघडझाप करतो. पुढच्या सीटवर मुलांवर लक्ष ठेवणारी आयाम्मा आहे, पण तिचे लक्ष कुठल्या थांब्यावर कोण उतरणार याच्याकडे. दोन थांबे जातात, विषय बदलतो. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ साली सहावीतल्या ५७३ मुलांचा अभ्यास करून दादागिरीच्या नाटकातली हीच पात्रे वेगळी काढली होती: छळणारा, त्याचे हस्तक, हसून दाद देणारे, बाहेर राहणारे, बाजू घेणारे आणि बळी. जवळपास २४ टक्के मुले बाहेर राहणारी होती, साधारण २० टक्के दाद देणारी, आणि बाजू घेणारी १७ टक्के. साल्मिवाल्ली यांचे म्हणणे साधे होते. छळणाऱ्याला बळीकडून काहीच नको असते, त्याला हवा असतो प्रेक्षक. बसमधल्या त्या मुलाचा बेत हसणाऱ्या चार-पाच जणांवर उभा आहे.

आता समानुभूतीकडे वळू. मानसशास्त्र तिचे दोन पदर धरते. दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्यालाही कसेतरी होणे हा भावनिक पदर, आणि त्याच्या मनात काय चालले असेल हे डोक्याने ओळखणे हा बौद्धिक. दोन्ही एकत्र असतातच असे नाही. १९९९ साली सटन, स्मिथ आणि स्वेटनहॅम यांनी दाखवले की टोळीचा म्होरक्या असणारी मुले दुसऱ्याचे मन वाचण्यात कच्ची नसतात, उलट चांगलीच तरबेज असतात. नाशिकच्या मुलाला सर्वात जास्त लागेल ते त्याचे वाचणे, हे ओळखायला हुशारी लागतेच. त्यामुळे नुसते ‘त्याच्या जागी तू असतास तर’ हा धडा गिरवून घेण्यात फारसा अर्थ नाही. छळणाऱ्याने तो आधीच गिरवलेला असतो. बाजू घेण्याशी अधिक घट्ट नाते भावनिक पदराचे असते. २०१५ साली निकर्सन आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचे संख्याशास्त्रीय एकत्रीकरण केले. त्याच वर्षी व्हान नॉर्डन यांचा व्यापक आढावा आला आणि २०१९ साली झिक, टोफी आणि फॅरिंग्टन यांचा. तिघांचेही म्हणणे ढोबळ मानाने एकच: ज्यांना दुसऱ्याच्या दुःखाने अस्वस्थ व्हायला होते ती मुले बाजू घेताना अधिक दिसतात. हे नाते खरे आहे. पण ते माफक आहे, हा त्यातला अर्धा भाग सभा-संमेलनांतून गळून पडतो. दोन गोष्टींमधला सहसंबंध ०.३ इतका धरला, तरी एकीतल्या चढउतारापैकी जेमतेम नऊ टक्के भाग दुसरीने समजतो. उरलेले ९१ टक्के कुठे आहेत हे कोणी विचारत नाही. शिवाय मोजमापाची एक खोच आहे. मुलालाच ‘तुला दुसऱ्याचे वाईट वाटते का’ आणि ‘तू मदत करतोस का’ असे एका दमात विचारले तर दोन्ही उत्तरे एकमेकांना धरून येतात, कारण स्वतःबद्दल चांगले बोलण्याची ओढ दोन्हींत सारखीच असते. त्याऐवजी ‘वर्गात कोणाला त्रास झाला तर कोण त्याच्या बाजूने उभे राहते, नावे लिहा’ असे सर्व वर्गाला विचारण्याची जी पद्धत फिनलंड-इटलीत रूढ आहे, ती कष्टाची असली तरी जास्त भरवशाची.

या सर्व साहित्यात मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो इटलीतील जांलुका जिनी आणि सहकाऱ्यांचा २००८चा अभ्यास. सरासरी तेरा वर्षांच्या २९४ मुलामुलींची पाहणी करताना त्यांना असे दिसले की समानुभूती बाजू घेणाऱ्यांमध्ये जास्त होती, आणि गप्प बसणाऱ्यांमध्येही ती कमी नव्हती. या दोघांना वेगळे करणारी गोष्ट दुसरीच निघाली: चारचौघांत आपण काही बोललो तर ते निभावेल, लोक ऐकतील, हा स्वतःवरचा विश्वास. तो बाजू घेणाऱ्यांत होता, गप्प राहणाऱ्यांत नव्हता. म्हणजे बसमध्ये चेन उघडझाप करणाऱ्या मुलाला काही वाटत नव्हते, असे समजणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. कदाचित त्याला सर्वात जास्त वाटत होते. नॅन्सी आयझेनबर्ग आणि डॅनियल बॅट्सन यांनी फार पूर्वी हे सांगून ठेवले आहे की दुसऱ्याचे दुःख पाहून दोन प्रकारच्या लाटा उठू शकतात. एकीत लक्ष त्या माणसाकडे जाते, दुसरीत स्वतःच्या कासाविशीकडे, आणि कासाविशी झालेला माणूस सुटकेचा सर्वात सोपा मार्ग शोधतो. मान खाली घालणे हा तो मार्ग. जिनी यांच्या अभ्यासानंतर दोन वर्षांनी पोयहोनेन, युवोनेन आणि साल्मिवाल्ली यांनी फिनलंडमध्ये यात आणखी एक धागा गोवला: भावनिक समानुभूती, ‘मी मध्ये पडू शकतो’ हा विश्वास आणि वर्गातले वजन, या तिन्ही गोष्टी बाजू घेण्याशी जोडलेल्या दिसल्या. त्याआधी २००९ साली काराविता यांच्या अभ्यासात असेही आढळले होते की समानुभूतीचे कृतीत रूपांतर वर्गाला आवडणाऱ्या मुलांमध्ये अधिक सहज होते. वर्गात ज्याचा शब्द चालतो त्याला माया परवडते, असे म्हणावे लागेल. ज्याचा चालत नाही त्याला ती आतल्या आत गिळावी लागते, कारण त्याने तोंड उघडले तर उद्या नक्कल त्याची होणार, हे त्याला पक्के ठाऊक असते.

वय हा या कोड्याचा सर्वात चमत्कारिक भाग. दुसऱ्याचा दृष्टिकोन समजून घेण्याची क्षमता किशोरवयात वाढत जाते. नेदरलँड्समध्ये मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून व्हान डर ग्राफ यांनी २०१४ साली दाखवले की मुलींत ती साधारण तेराव्या वर्षापासून आणि मुलग्यांत पंधराव्याच्या आसपास चढू लागते. मुलग्यांमध्ये दुसऱ्याविषयीची कणव मात्र तेरा ते सोळाच्या दरम्यान काही काळ खाली येते. आणि याच काळात बाजू घेण्याचे प्रमाणही घटते. प्राथमिक शाळेतले मूल धावत जाऊन बाईंना सांगते, आठवीतले सांगत नाही. ऑस्ट्रेलियात रिग्बी आणि स्ली यांनी १९९१ सालीच नोंदवले होते की वय वाढते तशी बळीविषयीची सहानुभूती घटत जाते. म्हणजे समज वाढत असताना कृती आटते. केवळ समानुभूतीच्या चष्म्यातून हे उलगडत नाही. वर्गातल्या स्थानाच्या चष्म्यातून लगेच उलगडते. बाराव्या-तेराव्या वर्षी आईबाप आणि शिक्षक मागे पडतात, बरोबरीच्यांच्या नजरेत आपण कोण आहोत हाच एक प्रश्न उरतो, आणि त्या वयात छळणारी मुले अनेकदा लोकांना आवडत नसली तरी ‘भारी’ मानली जातात. त्यांच्याविरुद्ध बोलणे म्हणजे एका माणसाविरुद्ध बोलणे राहत नाही, अख्ख्या उतरंडीविरुद्ध बोलणे होते. वर शिक्षकांकडे जावे तर ‘चुगलखोर’ हा शिक्का बसतो. आपल्या शाळांत हा शिक्का छळणारा असण्यापेक्षा जास्त लाजिरवाणा आहे आणि मोठ्या माणसांनीही तो कधी मनापासून पुसलेला नाही. ‘सारख्या तक्रारी घेऊन येऊ नकोस’ हे वाक्य ऐकले नसेल असे मूल शोधूनही सापडणार नाही.

म्हणूनच व्यक्तीपेक्षा वर्गाकडे पाहणारे अभ्यास पुढे आले. साल्मिवाल्ली, व्होटेन आणि पोस्किपार्टा यांनी २०११ साली ३८५ वर्गांतल्या ६,७६४ मुलांची माहिती तपासली. ज्या वर्गात हसून दाद देणारे जास्त त्या वर्गात छळ जास्त, ज्यात बाजू घेणारे जास्त तिथे कमी. आदल्या वर्षी अँटी कॅर्ना यांनी तशाच माहितीवरून दाखवले होते की बुजरी किंवा वर्गाने दूर ठेवलेली मुले सगळ्याच वर्गांत सारखी बळी पडत नाहीत. दाद देणाऱ्या वर्गात पडतात, बाजू घेणाऱ्या वर्गात त्यांचे बुजरेपण खपून जाते. इटलीत पोत्सोली आणि जिनी यांनी २०१२ साली वर्गाचे अलिखित नियम आणि बाजू घेणे यांची सांगड घातली. एकच मूल, तेवढीच माया, पण वर्ग बदलला की वागणे बदलते. वर्गाचा हा अलिखित नियम घडवण्यात शिक्षकाचा वाटा मोठा असतो, आणि इथे आपल्याकडे अडचणीचे बोलावे लागते. पेपर वाटताना नापासाचे गुण मोठ्याने वाचणारा, रंगावरून वा उच्चारावरून वर्गाला हसवणारा शिक्षक मूल्यशिक्षणाच्या तासाला काय शिकवतो त्याला किंमत उरत नाही, कारण कोणावर हसायचे असते हे त्याने आधीच दाखवून दिलेले असते. बेंगळुरूत जुलै २०१२ मध्ये शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या लहान मुलांचे केस, ती वेगळी ओळखू यावीत म्हणून, एका खासगी शाळेत कापल्याचा आरोप झाला आणि शहरात गदारोळ उठला. आरोपाचे काय झाले हा भाग बाजूला ठेवू. पण त्या कोट्याविरुद्ध तेव्हा खासगी शाळांच्या वर्तुळात जी भाषा मोकळेपणी वापरली गेली, ती मोठ्या माणसांची होती. कोण आपला आणि कोण उपरा, हे मुले कुठून शिकतात याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

इतके सारे मान्य केले तर समानुभूती शिकवणे सोडूनच द्यावे का? असे म्हणणारेही आहेत. पॉल ब्लूम यांनी २०१६च्या ‘अगेन्स्ट एम्पथी’ या पुस्तकात म्हटले की समानुभूती हा नीतीचा वाईट वाटाड्या आहे, कारण ती जवळच्यांवर आणि आपल्यासारख्यांवर प्रकाश टाकते, इतरांना अंधारात ठेवते. शाळेच्या बाबतीत यात तथ्य आहे. ओल्डेनबर्ग आणि सहकाऱ्यांच्या २०१८च्या अभ्यासाचे शीर्षकच सांगते की मुले मित्रांची बाजू घेतात, शत्रूंची नाही. वर्गात ज्याचे कोणीच नाही त्याच्या वाट्याला समानुभूती सर्वात कमी येते, आणि गरज त्यालाच सर्वात जास्त असते. तरीही ब्लूम यांच्या निष्कर्षापर्यंत मी जाणार नाही. समानुभूतीचा परीघ कायमचा आखून आलेला नसतो, तो वाढतो, याचा आपल्याच देशातला भक्कम पुरावा आहे. दिल्लीत २००७पासून महागड्या खासगी शाळांना गरीब मुलांना प्रवेश द्यावा लागला. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी ज्या इयत्तांमध्ये अशी मुले होती आणि ज्यांत नव्हती त्यांची तुलना केली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली, खेळासाठी साथीदार निवडताना गरीब मुलाला टाळण्याचे प्रमाण घटले. मूल्यशिक्षणाच्या तासाचा यात काही हात नव्हता, रोजच्या सहवासाचा होता. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठाने आखलेल्या किवा या छळविरोधी कार्यक्रमाबाबतही असेच. ७८ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांवर घेतलेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने छळ कमी केल्याचे सिद्ध झाले. पुढे गारांदो यांनी २०२२ साली दाखवले की त्याने भावनिक समानुभूतीही वाढवली, बौद्धिक नाही. माझ्या मते इथे कार्यकारण दोन्ही दिशांनी चालते. मुलाला आधी वाईट वाटते आणि मग ते बाजू घेते, हे खरेच. पण जिथे बाजू घेणे सुरक्षित असते तिथे वाईट वाटून घेणेही परवडते. जिथे काहीच करता येत नाही तिथे मन स्वतःला बधिर करून घेते आणि ‘त्याचेच चुकते, तोच विचित्र वागतो’ अशी कारणे शोधते.

दुसरी हरकत हमखास येते: हे सगळे फिनलंड-इटलीचे, वर्गात वीस-पंचवीस मुले असणाऱ्या देशांचे, आपल्या चाळीस-पन्नासच्या वर्गांना ते कसे लागू? हरकत रास्त आहे, पण ती उलट बाजूने अधिक जोरात लागते. जिथे वर्ग मोठा, भाषा चार-पाच, आणि जात, पैसा, प्रांत, रंग यांची उतरंड बाहेरून तयार होऊनच आत येते, तिथे वर्गातल्या स्थानाचा प्रभाव कमी असण्याचे कारण दिसत नाही. बेंगळुरूत तर एक जादा गुंता आहे. बदल्यांमुळे मुले वर्षाच्या मध्यात येतात-जातात, आणि अनेक शाळा दरवर्षी तुकड्यांची अदलाबदल करतात. हेतू चांगला असतो, गट बनू नयेत हा. परिणाम असा होतो की ज्याने गेल्या वर्षी बाजू घेतली असती तो मित्र यंदा दुसऱ्या तुकडीत असतो. ‘थोडे टक्केटोणपे खाल्ल्याशिवाय मूल कणखर होत नाही’ ही तिसरी हरकत मी लवकर हातावेगळी करतो. टक्केटोणपे तुल्यबळांत खाल्ले जातात. ओल्वेउस यांच्या व्याख्येतली तिसरी खूण नेमकी तेच वगळते.

चौथी हरकत मात्र मला खरोखर जड वाटते. मुलांना संरक्षण देणे हे मोठ्यांचे काम. ते तेरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर टाकणे म्हणजे शाळेने आपली जबाबदारी झटकणे नाही का? बाजू घेणाऱ्याला किंमत मोजावी लागते, कधी तो स्वतः पुढचा बळी होतो. आणि मुलग्यांमध्ये बाजू घेणे अनेकदा गुद्दागुद्दीचे रूप घेते, मग शिक्षा दोघांना सारखीच होते. समानुभूतीवर भर देणाऱ्या फलकबाजीबद्दल माझा आक्षेप हाच आहे: ती सर्वात मोठा बोजा त्याच मुलावर टाकते ज्याला आधीच सर्वात जास्त वाटते आणि ज्याच्या हातात सर्वात कमी आहे. पण म्हणून वर्गातल्या मुलांना वगळून चालत नाही, कारण मोठी माणसे तिथे नसतात. बसमध्ये नसतात, स्वच्छतागृहात नसतात, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात तर नसतातच. किवाने यातून काढलेली वाट शहाणपणाची आहे. प्रकरण हाताळते ते शाळेतल्या तीन प्रौढांचे पथक. त्यानंतर वर्गशिक्षक दोन ते चार अशी मुले निवडतो जी स्वभावाने मदतशील आहेत आणि वर्गात ज्यांचे वजन आहे, आणि त्यांना त्या मुलाला साथ द्यायला सांगतो. म्हणजे शूर होण्याची सक्ती नाही; ज्यांना परवडते त्यांच्यावर काम सोपवायचे आणि मागे मोठ्यांनी उभे राहायचे. न्यू जर्सीतील ५६ शाळांत एलिझाबेथ पॅलक आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच सूत्रावर होता. थोड्या निवडक मुलांनी भांडणांविरुद्ध उघड भूमिका घेतली, शिस्तभंगाच्या नोंदी जवळपास ३० टक्क्यांनी घटल्या, आणि ज्यांच्याकडे इतर मुले पाहतात अशी मुले त्या निवडीत जिथे जास्त होती तिथे परिणाम अधिक दिसला. बाजू घेणे म्हणजे दरवेळी छातीठोकपणे आडवे पडणेही नव्हे. मधल्या सुट्टीत शेजारी जाऊन बसणे, नंतर ‘चल, घरी बरोबर जाऊ’ म्हणणे, आणि सर्वात सोपे म्हणजे न हसणे, हे सगळे त्यात येते. साइनिओ यांनी २०११ साली पाहिले की छळ होत असूनही ज्या मुलांना एखादा तरी पाठीराखा होता त्यांचा आत्मसन्मान, तो नसलेल्यांपेक्षा चांगला होता. छळ थांबला नसतानाही.

कागदावर आपल्याकडे बरेच काही आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मार्च २०१५ मध्ये परिपत्रक काढून शाळांना दादागिरीविरोधी समिती नेमायला सांगितले. त्या समितीत उपमुख्याध्यापक, समुपदेशक, डॉक्टर, पालकांचा प्रतिनिधी यांच्याबरोबर विद्यार्थ्यांमधले प्रतिनिधीही असावेत, अशी सूचना आहे. ही शेवटची सूचना सर्वात मोलाची. शाळा मात्र तिथे बहुधा हाउस कॅप्टन किंवा सर्वाधिक गुणांची मुले बसवतात, कारण ती शिक्षकांना आवडतात. शिक्षकांना आवडणारा आणि वर्गात वजन असलेला हे दोघे आठवी-नववीत क्वचितच एक असतात. वर्गात कोणाचे ऐकले जाते हे वर्गालाच गुप्तपणे विचारावे लागते. त्यासाठी एक कोरा कागद, एक तास आणि उत्तरे फुटणार नाहीत याची हमी इतकेच लागते. निम्हान्सचा जीवनकौशल्यांचा कार्यक्रमही शाळेतल्याच शिक्षकांमार्फत चालतो, तेव्हा त्यात हा तास बसवणे अवघड नाही. समानुभूतीचे खेळ चालू ठेवावेत, पण त्यांच्याबरोबर वर्गाने मोठ्याने म्हणून पाहण्याची वाक्येही द्यावीत: ‘बास कर’, ‘यात हसण्यासारखे काय आहे’. चारचौघांत बोलून निभावते हा विश्वास प्रवचनाने येत नाही, बोलून पाहिल्याने येतो.

यशाचीही एक अडचण असते, आणि शाळांनी ती आधीच माहीत करून घ्यावी. छळ कमी झालेल्या शाळांमध्ये ज्यांचा छळ तरीही चालू राहतो त्या मुलांची अवस्था आधीपेक्षा वाईट होऊ शकते, असे हाउटसिंग, गारांदो आणि इतरांच्या गेल्या काही वर्षांतील अभ्यासांत दिसले आहे. चाळीसांत दहा जण सोसत असतात तेव्हा दोष जगाचा वाटतो. एकटाच उरला की तो स्वतःकडे बोट दाखवू लागतो. वार्षिक अहवालात अशा शाळेचा आलेख उतरलेला दिसेल, संचालक मंडळ खूश होईल, आणि तो एक मुलगा त्या आलेखात कुठेच दिसणार नाही. त्याला शोधायचे तर तक्रारींची संख्या मोजून भागत नाही. कागदावर ‘माझ्या बाजूने कोणीच नाही’ असे लिहिणारे नाव वर्गशिक्षकाला वाचावे लागते आणि पुढच्या जूनमध्ये तुकड्या पाडताना त्या नावाशेजारी कोणते दुसरे नाव ठेवायचे हे ठरवावे लागते.